शनिवारी येणाऱ्या त्या माणसांबद्दल

बाळा, सलाम.

काल फोनवर तू बोलता बोलता एकदम गप्प झालास ना, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून आज लिहायलाच बसले. मोठं झालं तर दोनदा थांबून वाच पण पूर्ण वाच.

दोन वर्षं झाली तुझ्या फ्लॅटवर शनिवारी संध्याकाळी माणसं येतायत, बायबलातलं लूकचं शुभवर्तमान वाचतायत, प्रश्न विचारतायत, वाद घालतायत, आणि आपल्या चर्चच्या मंडळीच्या मीटिंगमध्ये तुला विचारलं काय तर बाप्तिस्मे किती झाले. तू म्हणालास एकही नाही, आणि विषय संपला. मला वाईट वाटलं ते त्या आकड्याचं नाही रे. ही सात-आठ माणसं कोण, देवळात वाढलेली पोरं तुझ्या खोलीत येऊन काय शोधतायत, हे विचारावंसं एकालाही वाटलं नाही, त्याचं वाटलं.

रेव्हरंड टिळकांचं, आपल्या कवी नारायण वामन टिळकांचं, तुला लहानपणी सांगितलंय, पण तेव्हा तू झोपायचास मधेच. १८९३ ची गोष्ट, नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक गोरा माणूस भेटला, आधी कवितेवरच गप्पा झाल्या, मग त्याने नवा करार हातात दिला, म्हणाला दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, आणि गेला आपल्या वाटेनं. टिळकांनी वाचायला घेतलं, डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून हलताच येईना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो गोरा कोण होता ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्याला कुणी गाडीतून उतरल्यावर विचारलं असतं किती झाले, तर तोही तुझ्यासारखंच म्हणाला असता की.

आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लगेच नाही आल्या मागे, त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली. मधली पाच वर्षं त्यांची त्यांना लागली.

टिळक म्हणायचे मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. म्हणूनच आपल्याकडे अभंग आले, कीर्तन आलं, तुझे आजोबा चिपळ्या घेऊन उभे राहायचे ते त्याच वाटेवरचं. पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते त्यांचं शेवटचं काम. १९१७ ला इतक्या वर्षांचं मिशनचं काम सोडलं, पगार सोडला आणि साताऱ्याला देवाचा दरबार काढला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, येशूच्या मागे चालणारे सगळे एका पंगतीला. दोनच वर्षं मिळाली, ९ मे १९१९ ला ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. तरी ते चुकले असं मी कधीच म्हणणार नाही.

आता एक माझं सांगते, तुझ्या बाबांशिवाय कुणाला सांगितलं नाही. तुला कोपऱ्यावरच्या खोलीतली मावशी आठवते का, गळ्यात तुळशीची माळ, दर आषाढीला पंढरपूरला जाऊन आली की आपल्याला चुरमुरे आणून द्यायची. तिला वाचता यायचं नाही. दुपारी भांडी झाली की ओट्यावर येऊन बसायची, बाई तुमचं पुस्तक वाचा म्हणायची. उधळ्या पुत्राचा दाखला, घर सोडून गेलेला पोरगा परत येतो आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो तो, तिने माझ्याकडून तीनदा वाचून घेतला आणि मग विचारलं, "बाप धावला ते बरं केलं, पण त्या पोराची आई कुठं होती?" मी इतकी वर्षं शब्बाथशाळा घेतली, हे माझ्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. ती म्हणाली, आत चुलीपुढं रडत असणार, लिहिणाऱ्याला बाहेरनं दिसलं नसेल.

मला घाई झाली बाळा. उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, चल चल म्हणून मीच तिला चर्चला नेलं, तर दारातच आपल्यातल्या एकाने सांगितलं, ती माळ काढून आत या. ती काही बोलली नाही, चप्पल घातली आणि घरी गेली. आणि मी? मी आत जाऊन बसले, गाणी म्हटली, प्रभूचे क्रुसावरचे सातही उद्गार ऐकले. त्यानंतर ती ओट्यावर आली नाही, आणि पावसाळ्यात तिचा मुलगा तिला सुरतला घेऊन गेला. मी माफीसुद्धा मागितली नाही. अजून दुपारी भांडी वाजली की तिची आठवण येते.

म्हणून सांगते, कुणाला ओढू नकोस. बायबलातला निकदेम प्रभूकडे रात्रीच आला होता, प्रभूने त्याला दिवसा ये असं नाही सांगितलं, रात्रीच त्याच्याशी बोलत बसला. पण येशूचं नाव लपवूही नकोस, आपण नुसता चांगल्या विचारांचा ग्रुप आहोत असं कुणाला भासवू नकोस, तो खोटेपणा झाला. तू कोणाचा आहेस ते पहिल्याच दिवशी कळू दे. पैशाची मदत कुणाला करायची असेल तर जरूर कर, पण शनिवारच्या बैठकीशी तिचा काही संबंध ठेवू नकोस. आणि ती जी कॉलेजची मुलगी घरी न सांगता येते म्हणालास ना, तिला म्हणावं आईला सांग, हवं तर आईलाच घेऊन ये.

पाळकसाहेबांवर राग धरू नकोस. त्यांनाच एखाद्या शनिवारी बोलव, बोलायला नाही, नुसतं ऐकायला.

आणि पुढच्या महिन्यात सगळ्यांना घेऊन नगरला ये. ओट्यावरच बसू. किती जण ते दोन दिवस आधी कळव, बाजरी दळून आणावी लागेल, आणि वांग्याचं भरीत कुणाला चालत नसेल तर तेही सांग.

तुझी आई