डावीकडची सीट तुझी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. इन्स्ट्रक्टरने तुला प्रायव्हेट पायलटच्या चेकराइडसाठी, म्हणजे परवान्याच्या तोंडी आणि उड्डाणाच्या अंतिम परीक्षेसाठी, तयार म्हटलं, हे वाचून फार आनंद झाला. उरलेल्या दिवसांत नेमकं काय पक्कं करू, असं तू विचारलंयस. उत्तर लांबलंय, सवडीने वाच.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. अमेरिकेत एफएएच्या, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाच्या, नियमांप्रमाणे या परीक्षेत पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाचा जबाबदार वैमानिक, सहसा तूच असतोस. उजवीकडे बसलेला परीक्षक तुझं काम पाहायला आलेला असतो. निघायचं की थांबायचं, परत कधी फिरायचं, याची जबाबदारी डावीकडच्या सीटवर. सोलोला तू एकटा होतास खरा, पण प्रत्येक लांबच्या सोलोआधी इन्स्ट्रक्टरने तुझा प्लॅन आणि त्या दिवसाचं हवामान पाहून होकार दिला होता. या वेळी तो होकार तुझा तू द्यायचाय. म्हणून मला वाटतं, हातांच्या सरावाइतकाच निर्णयांचा सराव कर. हात बहुतेकांचे तयार असतात.

एसीएस, म्हणजे परीक्षेचे ठरलेले निकष, छापून जवळ ठेवले आहेस ना? २०१६ मध्ये पीटीएस या जुन्या निकषांच्या जागी ते आले आणि प्रत्येक टास्कमध्ये ज्ञान आणि कौशल्य यांच्या जोडीला धोक्याचा विचार स्वतंत्रपणे मांडला गेला. लोक कौशल्याचे आकडे पाठ करतात आणि मधला, धोक्याचा भाग सोडून देतात. तू तो भाग आधी वाच. परीक्षक ओरलमध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, तिथूनच प्रश्न काढतो. शिवाय तुझ्या लेखी परीक्षेच्या निकालावर चुकलेल्या विषयांचे कोड असतात. ते विषय ओरलमध्ये येणार हे धरूनच चाल.

कागदपत्रांवर एक संध्याकाळ दे. किमान ४० तास तुझे कधीच झाले असतील, पण लॉगबुकात आतले तुकडे नीट दिसले पाहिजेत: रात्रीचे ३ तास, त्यात १०० नॉटिकल मैलांहून लांब क्रॉस-कंट्री (दुसऱ्या विमानतळापर्यंतचं उड्डाण) आणि १० फुल-स्टॉप लँडिंग (उतरून विमान पूर्ण थांबवणं), सोलोची १५० नॉटिकल मैलांची फेरी तीन ठिकाणी उतरून, आणि गेल्या दोन कॅलेंडर महिन्यांतली परीक्षेच्या तयारीची ३ तासांची शिकवणी. एन्डोर्समेंट, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या लेखी मंजुऱ्या, त्याच्यासोबत बसून एकेक तपासा. विमानाच्या लॉगबुकांत वार्षिक तपासणी आणि ट्रान्सपॉन्डरची (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राची) तपासणी कुठल्या पानावर आहे, तिथे खुणेच्या पट्ट्या लाव. कागद अपुरे असतील तर परीक्षा सुरूच होत नाही, आणि तो दिवस फुकट जातो.

ओरलची भीती तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त दिसली. परीक्षक बहुधा आधीच एक प्रवास देईल, प्रवाशांच्या वजनांसह, आणि सगळी चर्चा त्या प्रवासाभोवती फिरेल. चार मोठी माणसं, बॅगा आणि भरलेल्या टाक्या घेऊन सेस्ना १७२ सहसा वजनाच्या मर्यादेत बसत नाही, हे तुला हिशेबात दिसेलच. मग तू काय करणार? एव्हगॅसचा, म्हणजे विमानाच्या पेट्रोलचा, गॅलन साधारण ६ पौंडांचा. इंधन कमी केलंस तर वाटेत उतरावं लागेल का? दिवसा शेवटी ३० मिनिटांचं आणि रात्री ४५ मिनिटांचं इंधन उरलं पाहिजे, ते धरलंस का? दुपारी तापलेल्या, उंचावरच्या धावपट्टीवरून निघायचं असेल तर हवा विरळ होते, आणि इंजिन, प्रोपेलर, पंख तिघांचीही ताकद एकदम कमी होते. तक्त्यातून टेकऑफचं अंतर काढणं हे अर्धंच काम. तो आकडा धावपट्टीच्या लांबीशेजारी ठेवून ‘सकाळी निघू’ किंवा ‘एका माणसाला मागे ठेवू’ हे तू बोलून दाखवायचंस. परीक्षकाला ते वाक्य ऐकायचं असतं.

नियमांचे प्रश्नही असेच येतात. समज, लँडिंग लाइट गेलाय, उडता येईल का? दिवसा लागतच नाही. रात्रीही नियमाने तो भाड्याने उडणाऱ्या विमानालाच सक्तीचा आहे. पोझिशन लाइट, म्हणजे पंखांच्या टोकांवरचे आणि शेपटीचे दिवे, मात्र रात्री लागतातच. पण एवढ्यावर थांबू नकोस. त्या विमानाच्या उपकरणांच्या यादीत तो आवश्यक म्हटलाय का ते बघ, बंद पडलेली वस्तू निष्क्रिय करून तिच्यावर तशी पट्टी लावावी लागते ते सांग, आणि मग अंधारात त्याच्याशिवाय तू स्वतः उतरशील का तेही सांग. नियम परवानगी देतो आणि तरी मी जाणार नाही, असं कारणासकट म्हणणारा उमेदवार परीक्षकाला मनापासून आवडतो, असं माझं मत आहे. एखादं उत्तर आठवलं नाही तर पुस्तक कुठे उघडायचं ते दाखव. सगळ्याच प्रश्नांना पुस्तक मात्र चालत नाही. हवेत लागणारं ज्ञान तोंडावरच हवं.

आता उड्डाण. स्टीप टर्नमध्ये, म्हणजे तीव्र वळणात, ४५ अंशांचं बँक (बाजूचा कल), उंची १०० फुटांच्या आत, वेग १० नॉटच्या आत, आणि बाहेर पडताना सुरुवातीच्या दिशेपासून १० अंशांच्या आत. तुझी उंची सुटते असं लिहिलंयस. ४५ अंशांना विमानावरचा भार १.४१ पट होतो, म्हणजे तेवढी जास्त लिफ्ट (पंखांचं वर उचलणारं बल) तुला ओढून काढावी लागते. नजर उपकरणांवर खिळली की हात उशिरा हलतो. क्षितिज काऊलिंगला, म्हणजे पुढच्या इंजिनाच्या आवरणाला, कुठे छेदतं ते पकड, ३० अंश ओलांडताना थोडं ओढ, थोडी पॉवर दे, आणि ठरलेल्या दिशेच्या साधारण २० अंश आधी सरळ व्हायला लाग. बाहेर पाहणं हे स्वतंत्रपणेही तपासलं जातं: वळणाआधी आजूबाजूचं आकाश मोकळं आहे ना ते पाहणारे क्लिअरिंग टर्न घेतले नाहीस, दुसऱ्या विमानांकडे लक्ष दिलं नाहीस, तर बाकी सगळं सुरेख असूनही नापास होऊ शकतोस.

स्टॉलबद्दल, म्हणजे पंखांची लिफ्ट अचानक ढासळण्याबद्दल, एवढंच, की तो वेगाचा नसून अँगल ऑफ अटॅकचा (पंख समोरून येणाऱ्या हवेला ज्या कोनात भेटतो त्याचा) प्रश्न आहे हे शरीरात मुरू दे. आधी नाक खाली, मग पॉवर, घसरण दाखवणाऱ्या उपकरणातला चेंडू रडरने (शेपटीच्या सुकाणूने) मध्यात. पॉवर-ऑन स्टॉलला, म्हणजे इंजिन जोरात चालू असतानाच्या स्टॉलला, रडरवरचा उजवा पाय जिवंत ठेव.

इंजिन बंदचा प्रसंग परीक्षक थ्रॉटल मागे ओढून देईल, बहुधा तू दुसऱ्याच कामात असताना. पहिली कृती बेस्ट ग्लाइडचा वेग, म्हणजे इंजिनाशिवाय सगळ्यात लांब तरंगत नेणारा वेग. तुझ्या १७२ एसला तो ६८ नॉट. मग शेत निवड आणि निवडलंस की त्यालाच धरून राहा. नंतर चेकलिस्ट, नंतर रेडिओ. हे सगळं मोठ्याने बोलत कर. घरी खुर्चीत डोळे मिटून, हात थ्रॉटलवर आहे असं धरून रोज कर. खुर्चीतल्या या सरावाचा मला फार उपयोग झाला.

शॉर्ट-फील्ड, म्हणजे आखूड धावपट्टीवरच्या, लँडिंगला ठरलेल्या खुणेच्या आधी टेकायचं नाही आणि पुढे २०० फुटांच्या आत टेकायचं. त्या खुणेच्या मोहात विमान जबरदस्तीने खाली दाबू नकोस. वेग किंवा उंची जमत नाहीये असं दिसलं की गो-अराउंड म्हण आणि वर जा. गो-अराउंड हाही परीक्षेतलाच एक टास्क आहे. परीक्षकाला हात घालून विमान सावरावं लागलं, तर मात्र परीक्षा तिथेच गेली.

एखादा आकडा क्षणभर सुटला तर त्यात अडकू नकोस. निकषांत नापास होण्याचं कारण म्हणून लिहिलंय ते मर्यादा वारंवार ओलांडणं, किंवा ओलांडल्यावर लगेच न सावरणं. म्हणजे उंची १२० फुटांनी गेली तर ‘सावरतोय’ म्हण, परत ये, आणि मागचं मागे टाकून पुढच्या टास्ककडे वळ. मधूनच परीक्षकाचा चेहरा वाचायला जाऊ नकोस. तो लिहीत असतो, एवढंच.

शेवटचं, हवामानाचं. वारा तुझ्या मर्यादेबाहेर असेल, ढग खाली असतील, किंवा तुलाच बरं वाटत नसेल, तर ओरल पूर्ण करून उड्डाण पुढे ढकलता येतं. लेटर ऑफ डिसकंटिन्युअन्स, म्हणजे परीक्षा मध्येच थांबवल्याचं पत्र, मिळतं आणि झालेल्या भागाचं श्रेय ६० दिवस टिकतं. त्याची नोंद नापास म्हणून होत नाही. तुझी स्वतःची मर्यादा आजच आकड्यांत लिहून काढ: किती क्रॉसविंड (आडवा वारा), ढग किती उंचावर, दृश्यमानता किती मैल. सुट्टी घेतलीय, फी भरलीय, परीक्षक लांबून आलाय, असं सगळं डोक्यात असताना त्या सकाळी नवा आकडा ठरवणं फार कठीण जातं.

रविवारी फोन कर. तोवर प्रवासाचा प्लॅन आणि वजन-समतोलाचा हिशेब मला पाठव, मी परीक्षक होऊन तासभर विचारतो. सुरुवात विमानाच्या लॉगबुकांपासून करू, ती पुढ्यात घेऊनच बस.

तुझा,
जुना मित्र