शनिवारचं फिशिंग आणि गुच्छी, जरा वाचा सगळ्यांनी

मंडळी, शनिवारी पहाटे ५.३० ला निघायचंय, मागच्यासारखं चहा करत बसून ८ वाजवू नका प्लीज. १७ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मिशिगनचं फिशिंग लायसन लागतं आणि ते ३१ मार्चला संपतं, म्हणजे गेल्या वर्षीचं आता बाद, गळ टाकायच्या आधी फोनवरूनच नवीन काढून ठेवा. ब्लूगिल मासे मे महिन्यात अंडी घालायला काठाजवळ उथळ पाण्यात येतात त्यामुळे पोरांनाही जमेल, गांडुळं मी आणतोय (डबा फ्रीजमध्ये ठेवला म्हणून घरात बोलणी खाल्लीत, ते वेगळं).

दुपारी जंगलात मॉरेल, म्हणजे आपली गुच्छी (जंगली मशरूम) शोधायची. मेलेल्या एल्मच्या झाडाच्या बुडाशी, पाचोळा हळूच बाजूला करून बघा, एक दिसली की तिथेच थांबा, आजूबाजूला अजून असतात. जुन्या सफरचंदाच्या बागेतली मात्र नको, तिथे पूर्वी शिसं-आर्सेनिकची फवारणी व्हायची. आणि प्रत्येक गुच्छी उभी चिरून बघायचीच, खरी असेल तर टोकापासून देठापर्यंत आतून पूर्ण पोकळ असते, आत कापसासारखं काही भरलेलं दिसलं तर ती विषारी असू शकते, सरळ फेका, उगाच व्हॉट्सॲपवर फोटो टाकून "ही चालेल का" विचारू नका. कच्ची तोंडात टाकायची नाही, घरी नेऊन बटरमध्ये नीट शिजवायची.

गोचीड खूप आहेत सध्या, पँट मोज्यात खोचा, दिसायला बावळट दिसलं तरी. गाडीत २ जागा आहेत, हव्या असतील तर आजच सांगा.