लाइफ जॅकेट पाहिजेत, त्यातही लेकरांच्या मापाचे

नमस्कार मंडळी,

पाऊस लागला, तलाव भरत आले, आता दर रविवारी काठावर जत्रा भरणार. अंबाझरी ओव्हरफ्लो झालं की अर्धं नागपूर तिकडं पळते, उरलेलं झिल्पी नाहीतर खिंडसीला, अन् ज्याले लांब जायचं जिवावर येते तो आमच्या तलावावर. आमचे ढिवर भाऊ इथं पिढ्यानपिढ्या डोंगा चालवतात, मासोळ्या धरतात, शिंगाडे तोडतात, अन् सुट्टीच्या दिवशी लोकं म्हणतात भाऊ एक चक्कर मारून आणा न, तर तेही करतात. त्यावर चार पैसे मिळतात, ते बंद करा असं आमचं अजिबात म्हणणं नाही.

पण यंदा मच्छीमार सोसायटी अन् मोहल्ल्यातल्या तलाव समितीनं बसून ठरवलं की नियम पक्के करायचे. जॅकेट काठावरच घालायचं, पाण्यात गेल्यावर नाही. डोंग्यावर जेवढी माणसं लिहिली तेवढीच बसतील, मांडीवरचं लेकरूही मोजल्या जाईल. उभं राहायचं नाही, सेल्फीसाठी सगळ्यांनी एका बाजूला सरकायचं तर नाहीच नाही, कारण डोंगा उलटतो तो बहुतेक याच पायी. सूर्य बुडाला की फेरी बंद. पिऊन आलेल्याला बसवणार नाही, मग तो कोणत्याही नगरसेवकाचा भाचा असो. अन् आभाळ भरून वारा सुटला की डोंगे काठाला, पैसे परत. मे २०२४ मध्ये उजनीत जी बोट उलटली ती अशीच अचानक आलेल्या वादळात, अन् आपल्याकडं वावधन सुटते तेव्हा ते काही विचारून येत नाही.

आता हे वाचून कोणी म्हणेल की सरकारचे कायदे आहेत न. आहेत. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये नवीन इनलँड व्हेसल्स ॲक्ट आला, राष्ट्रीय आपत्ती प्राधिकरणानं २०१७ मध्ये बोटीच्या सुरक्षेच्या गाइडलाइन काढल्या. त्याच २०१७ च्या जुलैत आपल्या वेणा धरणात पोट्ट्यांची नाव उलटली होती, ते नागपूरकर विसरले नसतील. जानेवारी २०२४ मध्ये तिकडं गडचिरोलीत वैनगंगेत मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव बुडाली, त्या काही पिकनिकले निघाल्या नव्हत्या, रोजीले निघाल्या होत्या. अन् त्याच महिन्यात १८ तारखेला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ लेकरं अन् २ शिक्षिका गेल्या. बोटीत माणसं जास्त होती अन् जॅकेट सगळ्यांच्या अंगावर नव्हते.

आमचं अडलं ते इथंच. नियम लिहिले, बोर्डही रंगवून होईल, पण जॅकेट कुठून आणायचे? सोसायटीच्या खोलीत जे आहेत ते आम्ही सगळे बाहेर काढून उन्हात पसरले अन् एकेक पाहिलं. काहींचे बकल तुटलेले, तिथं पायजम्याचा नाडा बांधलेला. काहींचा फोम उंदरानं कुरतडला. अन् जे चांगले निघाले ते सगळे मोठ्यांच्या मापाचे. समितीतल्या एका ताईच्या सहा वर्षाच्या पोराला त्यातलं एक घालून पट्टे कसले अन् दोन्ही खांद्याला धरून वर उचललं, तर जॅकेट सरळ कानाच्या वर अन् पोरगं खालून सटकलं. पाण्यातही नेमकं हेच होते, जॅकेट तरंगते अन् लेकरू खाली. म्हणून लेकराच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा लागतोच, तो नसला तर ते निव्वळ फोटोपुरतं.

तर मागणी अशी आहे. आम्हाला ४० जॅकेट पाहिजेत, त्यातले निदान १५ लेकरांचे, वजनाप्रमाणे लहान अन् मधल्या मापात, शिट्टी अन् चमकणारी पट्टी लावलेले. आतमध्ये कडक थर्माकोल असलेला स्वस्त माल नको, तो दोन सीझनमध्ये तुटून भुगा होतो. लेबलवर १०० न्यूटन (म्हणजे तरंगवून धरायची ताकद) लिहिलेलं पाहून घ्या, ५० वाले पोहता येणाऱ्यांसाठी असतात. ज्यांना हे पाहत बसायचं नाही त्यांनी पैसे द्या, आम्ही एकाच ठिकाणून पाहिजे त्या मापात घेऊ, बिल ग्रुपवर टाकू. अन् हात जोडून सांगून राहिलो, घरच्या माळ्यावरचे जुने जॅकेट आणून टाकू नका, ते आमच्याकडंच भरपूर आहेत.

दुसरं म्हणजे दोर. पॉलिप्रॉपिलीनचा पाहिजे, तो पाण्यावर तरंगतो, नायलॉनचा बुडतो. सोबत चार-पाच लाइफ रिंग, घाटावर खांबाला टांगून ठेवायला. रिंग नाही जमली तर पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा द्या, झाकण घट्ट पाहिजे, दोर बांधून फेकला की माणसाचं डोकं वर ठेवायला तो पुरतो. हे फेकायचं सामान हाताशी असलं तर कोणी अंगावरच्या कपड्यानिशी उडी मारत नाही. आमच्या तलावाचा तळ म्हणजे काळ्या मातीचा गाळ, वर शिंगाड्याच्या वेली, अन् एका कोपऱ्यात पूर्वी मुरूम खोदलेला खड्डा, गुडघाभर पाण्यातून दोन पावलं टाकली की एकदम गळ्यावर. चांगला पोहणाराही तिथं अडकतो, अन् बुडणारा त्याच्याच गळ्यात पडतो. त्या खड्ड्याभोवती बांबू अन् लाल झेंड्या लावायच्या आहेत, बांबू कोणाच्या वावरात असतील तर तेही चालतील.

पैशाशिवायची मदतही लागते. मेडिकल-मेयो या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांतल्या रेसिडेंट डॉक्टरांना, नर्सिंगच्या पोरापोरींना विनंती, एक सकाळ आमच्यासाठी द्या. आमच्याकडं अजूनही बुडालेल्याला उलटं लटकवून पोट दाबतात, त्यानं वेळ जाते अन् पोटातलं सगळं श्वासात उतरते. माणसाला पाठीवर झोपवा, श्वास नसला तर आधी तोंडानं पाच श्वास द्या, मग छाती दाबा तीस अन् श्वास दोन, तोवर दुसऱ्यानं १०८ लावा. हे आम्ही बोर्डवर लिहू, पण हातानं करून दाखवल्याशिवाय डोंगेवाल्यांच्या अंगी लागणार नाही. २०२३ च्या सप्टेंबरात नागनदीचं पाणी घुसलं तेव्हा डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत रस्त्यावर बोटी चालल्या, म्हणजे हे फक्त तलावकाठच्या लोकांच्या कामाचं आहे असंही नाही.

पोहणारे पोट्टे पण पाहिजेत, रविवारी दुपारून काठावर बसायला, अन् गणपतीत तर रोज. चहा-पोहे समितीकडून, तर्री जरा कमी असते, ते चालवून घ्या.

पोळ्याच्या आत सामान यायला पाहिजे, कारण त्याच्यामागं लगेच गणपती, अन् तेव्हा काठावर पाय ठेवायला जागा नसते. पैसे द्यायचे असतील तर घाटाजवळच्या चहाच्या टपरीवर समितीचं पावती पुस्तक ठेवलं आहे, शंभर रुपये दिले तरी पावती घ्याच, न घेता गेलात तर मागून आवाज देऊ. कोणाच्या खासगी नंबरवर पैसे पाठवू नका, समितीनं असा कोणताच नंबर दिलेला नाही. सामान आणायचं असेल तर रविवारी सकाळी सात ते दहा, सोसायटीच्या खोलीवर, तिथं जॅकेटवर माप अन् साल मार्करनं लिहूनच आत घेतील. चारचाकी मेन रोडलाच लावा, आतला रस्ता चिखलाचा आहे, मागच्या हप्त्यात एका काकांची गाडी काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागला.