छोटा गट म्हणजे जबाबदार गट नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अलास्काच्या उत्तरेकडील रानात चार-सहा जणांनी तंबू घेऊन जायच्या सहलींबद्दल पर्यटन पुरवण्यांतून आताशा बरेच छापून येते. त्यात एक वाक्य ठरलेले असते: गट छोटा, त्यामुळे निसर्गाला धक्का नाही. त्या भागाची चांगली ओळख असलेल्या आम्हा काही वाचकांना हे वाक्य खटकते. छोट्या गटाचा फायदा खरा आहे, पण तो आपोआप पदरात पडत नाही. सहा जणांनी ओल्या शेवाळावर तीन रात्री काढल्या, तर त्यांच्या खुणा वीस जणांनी नदीच्या गोट्यांवर काढलेल्या एका रात्रीपेक्षा कितीतरी जास्त टिकतात.

आधी जागेची कल्पना यावी. ब्रूक्स पर्वतरांगेतले ‘गेट्स ऑफ द आर्क्टिक’ हे राष्ट्रीय उद्यान १९८० साली झाले. क्षेत्रफळ सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटर, आणि आत एकही रस्ता, आखलेली पायवाट किंवा तंबूतळ नाही. पूर्वेकडचे आर्क्टिक वन्यजीव आश्रयक्षेत्र त्याच्या दुपटीहून मोठे. तिथे व्यावसायिक वाटाड्यांच्या गटाला पायी सात आणि नदीतून दहा अशी माणसांची मर्यादा आहे. स्वतःच्या जोरावर जाणाऱ्यांनीही तीच पाळावी. खालची मर्यादा मात्र कोणी सांगत नाही. आमच्या मते ती चार असावी. एकाचा पाय मुरगळला तर एक जण त्याच्याजवळ थांबतो आणि दोघे मदतीसाठी जातात, कोणीच एकटा पडत नाही. शिवाय चार माणसे जवळजवळ चालत असली, की अस्वल बहुधा स्वतःहून वाट बदलते.

आता जमीन. टुंड्राच्या पृष्ठभागाखाली थोड्याच अंतरावर कायमची गोठलेली माती असते. वरचा शेवाळ, दगडफूल आणि खुरट्या झुडपांचा थर तिच्यावर रजईसारखा पांघरलेला असतो. तो तुडवला गेला की उन्हाळ्याची ऊब खाली उतरते, बर्फ वितळतो, जमीन खचते, खचलेल्या जागी पाणी साचते, आणि ते पाणी आणखी बर्फ वितळवते. आश्रयक्षेत्रात १९८४-८५च्या हिवाळ्यांत तेलसाठ्यांच्या भूकंपीय पाहणीसाठी फिरलेल्या वाहनांच्या चाकोऱ्या कित्येक दशकांनंतरही दिसत होत्या. पायांचे वजन त्या मानाने काहीच नाही; पण एकामागे एक सात जोड्या बूट त्याच रेषेत गेले की पुढच्या गटाला वाट दिसते, आणि दिसलेल्या वाटेने सगळेच जातात.

म्हणून डोंगरी पायवाटेवरची शिस्त इथे उलटी होते. जिथे वाट नाही तिथे पसरून चालावे, एकमेकांच्या पावलावर पाऊल टाकू नये. जनावरांची स्पष्ट वाट मिळाली तर मात्र तिच्यावरूनच एका रांगेत जावे. पसरायचे ते इतकेच, की हाक सहज ऐकू जाईल. अंतराचा हिशेबही बदलावा लागतो. टसॉक नावाचे गवताचे डगमगते गड्डे आणि त्यांच्यामधला चिखल यांतून दिवसाला दहा किलोमीटर झाले तर तो चांगला दिवस समजतात. नकाशावर वीस किलोमीटरचे टप्पे आखणारा गट तिसऱ्या दिवसापासून दमलेला, उशीर झालेला आणि म्हणून मिळेल त्या ओल्या उतारावर तंबू ठोकणारा गट होतो. रात्रभर उजेड असल्याने ‘अजून थोडे चालू’ हा मोह सुटत नाही, हीही एक अडचण.

तंबूसाठी पहिली पसंती नदीच्या गोट्यांच्या वाळवंटाला. तिथे तुडवण्यासारखे काही नसते आणि पुढच्या पुरात उरलेली खूणही पुसली जाते. पण हाच पूर तंबूही नेऊ शकतो. गोठलेल्या जमिनीत पाऊस मुरत नाही, सरळ नदीला मिळतो. वरच्या खोऱ्यात पाऊस झाला तर इथे ढग नसतानाही काही तासांत पाणी चढते. त्यामुळे पाण्याच्या पातळीपेक्षा दीड-दोन मीटर उंच असलेला बांध निवडावा, काठावर एक काठी रोवून पातळीची खूण करावी आणि रात्री जाग आली की ती पाहावी. वाळवंट नसेल तर कोरडी, खडकाळ धार. तंबूभोवती चर खणू नये. एका जागी तीन रात्रींपेक्षा जास्त राहू नये, आणि दोन तंबूंमधली ये-जा रोज थोडी वेगळीकडून करावी.

सर्वात जास्त ढिलाई दिसते ती स्वयंपाकाच्या जागेत. थंडी पडली, वारा सुटला की तंबूच्या दाराशी स्टोव्ह पेटतो. अलास्कातल्याच देनाली राष्ट्रीय उद्यानात शिकवतात तो त्रिकोण इथेही लागू आहे: झोपण्याची जागा, शिजवण्या-खाण्याची जागा आणि अन्न ठेवण्याची जागा एकमेकांपासून किमान ९० मीटरवर. स्वयंपाक तंबूच्या वाऱ्याखालच्या बाजूला आणि चहूकडे नजर पोहोचेल अशा उघड्या जागी. अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या कडक डब्यात ठेवणे गेट्स ऑफ द आर्क्टिकमध्ये आणि देनालीत बंधनकारकच आहे. टुंड्रात झाडेच नाहीत, तेव्हा अन्नाची पिशवी झाडाला टांगण्याचा प्रश्न नाही. अकरा लिटरच्या डब्यात कोरडे अन्न घट्ट भरले तर एका माणसाचे जेमतेम सहा-सात दिवसांचे मावते. मूळ खोकी आणि फुगीर पाकिटे घरीच काढून टाकली तरच. बहुतेक गट इथे चुकतात: अन्नापुरता डबा मोजतात आणि टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, डासांचे मलम, कचऱ्याची पिशवी यांना जागाच ठेवत नाहीत. वास येणारी प्रत्येक वस्तू डब्यात गेली पाहिजे. तळण-परतण टाळून उकळते पाणी ओतून होणारे पदार्थ घ्यावेत. भांडी धुतलेले पाणी गाळून, नदीपासून ६० मीटर दूर, पसरून टाकावे. गाळणीतले कण कचऱ्याच्या पिशवीत.

बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला परतवणारा तिखटाचा फवारा, प्रत्येकाजवळ स्वतंत्र हवा आणि तो कमरेला किंवा छातीच्या पट्ट्याला हवा. पाठपिशवीच्या तळाशी असलेला स्प्रे नसल्यासारखाच. मारा आठ-नऊ मीटरचा असतो, तेव्हा अंगावर येणारे अस्वल तेवढे जवळ आल्यावर, नळी किंचित खाली रोखून तो सोडायचा. काही जण तो तंबूवर फवारून ठेवतात. हे डासांच्या औषधासारखे चालत नाही. उलट जमिनीवर राहिलेल्या त्याच्या वासाकडे अस्वले ओढली जातात. विलोच्या दाट झुडपांत आणि खळाळत्या ओढ्याकाठी मोठ्याने बोलत जावे. पिशवीला बांधलेल्या घुंगरांचा उपयोग नाही. अंतराचा नियम देनालीत स्पष्ट आहे: अस्वलापासून सुमारे २७५ मीटर, इतर जनावरांपासून किमान २३. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथे टोकलॅट नदीकाठी एकट्याने फिरणारा एक पदयात्री ग्रिझलीच्या हल्ल्यात मरण पावला. १९१७ मध्ये उद्यान झाल्यापासूनची ती पहिलीच नोंद. कॅमेऱ्यातल्या छायाचित्रांवरून दिसले, की नियमातल्या अंतरापेक्षा खूपच जवळून तो कित्येक मिनिटे फोटो काढत होता.

नद्या ओलांडताना दोन प्रकार ओळखावे लागतात. देनालीतल्या हिमनदीच्या पाण्याच्या नद्या पहाटे सर्वात कमी आणि संध्याकाळी सर्वात जास्त भरलेल्या असतात, म्हणून तिथे लवकर निघावे. ब्रूक्स रांगेत हिमनद्या थोड्याच. तिथल्या नद्या घड्याळापेक्षा पावसाचे ऐकतात, तेव्हा एक दिवस थांबणे हाच बहुधा उपाय. दोन्हीकडे अरुंद जागा टाळून नदी अनेक धारांत फाटलेली असेल तिथून जावे. बूट पायात, पिशवीचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडलेले, तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला. तीन-चार जणांनी एकमेकांना धरून, सर्वात भक्कम माणूस पुढे ठेवून ओलांडावे. वेगाचे पाणी गुडघ्याच्या वर आले तर परत फिरावे. हिमनदीचे दुधाळ पाणी प्यायला घेताना ते रात्रभर भांड्यात निवळू द्यावे, नाहीतर गाळणी पहिल्याच दिवशी तुंबते. स्वच्छ दिसणारे पाणीही जिआर्डिया या पोटाच्या परजीवीमुळे एक मिनिट खळखळून उकळावे.

शौचाचा विषय लेखांतून सभ्यपणे गाळला जातो, पण तो टाळून चालणार नाही. पाण्यापासून ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा हा सर्वसाधारण नियम. थंडीमुळे कुजण्याची क्रिया फार मंद असते. कागद पुरला तर जनावरे उकरतात आणि जाळला तर शेवाळाखालची पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची) माती धुमसू शकते. टुंड्रा ओला दिसतो म्हणून जळत नाही असे नाही. २००७ मध्ये अनाक्टुव्हुक नदीजवळ विजेमुळे लागलेल्या आगीत सुमारे हजार चौरस किलोमीटर टुंड्रा जळला. कागद दुहेरी पिशवीतून परत आणावा. खणताच गोठलेली माती लागली तर मैलाही, त्यासाठी मिळणाऱ्या पिशव्यांतून. शेकोटीची हौस असेल तर देनालीच्या आतील रानात तिला बंदीच आहे. इतरत्र वाळवंटावर वाहून आलेल्या लाकडाची छोटीशी चालते. स्वयंपाक स्टोव्हवरच करावा. त्याचे इंधन, तसेच बेअर स्प्रे, प्रवासी विमानात नेता येत नाही. दोन्ही फेअरबँक्स शहरात विकत घ्यावे. वापरलेल्या स्टोव्हला इंधनाचा वास राहिला तरी विमानतळावर तो अडतो.

डासांबद्दल एवढेच: जूनअखेर ते जुलैअखेर डोक्यावरची जाळी सोबत हवी.

हे रान रिकामे नाही. अनाक्टुव्हुक पास या गावात नुनामिउट लोक राहतात, आणि कॅरिबूची (रानटी रेनडियरची) शिकार हा त्यांच्या चुलीचा प्रश्न आहे. कॅरिबूंचा पश्चिम आर्क्टिक कळप २००३ मध्ये सुमारे ४ लाख ९० हजारांचा होता. २०२३च्या गणनेत तो दीड लाखाच्या आसपास भरला. कळपाच्या पुढे चालणारी जनावरे बिचकून वळली तर मागचा कळपही वळू शकतो, म्हणून ती जाऊ देण्याचा तिथल्या शिकाऱ्यांचा रिवाज आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खिंडीच्या तोंडाशी तंबू ठोकणारे चार पाहुणे गावाची हिवाळ्याची बेगमी बिघडवू शकतात. कळप दिसला तर खाली बसावे आणि तो जाईपर्यंत उठू नये. शिकारीच्या झोपड्या, सामानाचे साठे यांना हात लावू नये. उद्यानात गळालेली शिंगे उचलणे आणि ड्रोन उडवणे दोन्ही बेकायदा आहे.

विमानाचा हिशेब शेवटी येतो, पण तो आधी करायचा असतो. छोट्या विमानात माणसांसकट सगळे वजन होते. कडक सुटकेसऐवजी मऊ पिशव्या लागतात. धुके बसले की विमान दोन-तीन दिवस येत नाही, तेव्हा तीन दिवसांचे जादा अन्न घ्यावे आणि परतीचे पुढचे तिकीट लगेचच्या दिवसाचे काढू नये. उतरण्याची पर्यायी जागा वैमानिकाशी आधीच ठरवावी. मोबाइल चालत नाही, उपग्रह संदेशयंत्र हवे; पण संदेश पोहोचला म्हणजे मदत पोहोचली असे नव्हे, तीही त्याच हवामानात अडकते. निघण्याआधी बुटांचे तळ आणि तंबूच्या खुंट्या घासून धुवाव्यात, कारण डाल्टन महामार्गाकडेला फोफावलेल्या पांढऱ्या स्वीटक्लोव्हरसारख्या परक्या तणांचे बी चिखलातून आत जाते.

आणि एक विनंती थेट आपल्याला. विमान उतरू शकेल अशी तळी आणि वाळवंटे मोजकीच आहेत. लेखात एखाद्या तळ्याचे नाव, त्याचा फोटो आणि नकाशावरचा ठिपका छापला की पुढचे सगळे छोटे गट तिथेच उतरतात आणि उतरल्या जागीच पहिला तंबू लावतात. मग सात-सात माणसांची मर्यादा पाळूनही त्या काठाची दशा मोठ्या तळासारखी होते. आपल्या पुरवणीने पर्वतरांगेचे नाव द्यावे, तळ्याचे देऊ नये, आणि विमानातून उतरल्यावर किमान अर्धा-पाऊण तास चालून मगच मुक्काम करावा, ही ओळ लेखासोबत छापावी.

आपले,
काही वाचक