नळीला पाणी, लाकडाला तेल

चि. निखिल यास
अनेक आशीर्वाद.

रेचलच्या आजोबांची रायफल रीतसर तिच्या परवान्यावर नोंदली गेली, हे उत्तम झालं. आता ती नव्यासारखी चकचकीत करायची म्हणतोस, ते मात्र करू नका. फोटोत सॉकेटवर (दस्ता जिथे बसतो त्या धातूच्या भागावर) 'एमए लिथगो, १९४३' स्पष्ट वाचता येतंय, म्हणजे ती ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्यातली .३०३ ली-एनफिल्ड. ते शिक्के, लाकडावरचे ठसे आणि इतक्या वर्षांत चढलेला रंग हीच तिची ओळख आहे. पॉलिश पेपर एकदा फिरला की ती कायमची गेली. गंज थांबवायचा आणि लाकूड जपायचं, बस.

आधी मॅगझिन काढ, बोल्ट (हँडलचा सरकता दांडा) मागे ओढ, चेंबर डोळ्यांनी बघ आणि करंगळी घालून चाचपून घे. बोल्टचं डोकं वर उचललं की बोल्ट बाहेर येतो. त्याच्या हँडलमागचा नंबर बॉडीच्या नंबराशी जुळवून बघ. जुळत नसेल तर जाणकार गनस्मिथकडून हेडस्पेस (बोल्ट आणि बसलेलं काडतूस यांमधली फट) मोजून घेतल्याशिवाय गोळी झाडायची नाही.

खोलताना दस्त्याला (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या लाकडाला) आधी हात लावू नकोस. तो ज्या लांब स्क्रूवजा बोल्टने आवळलेला असतो त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत बसलेलं असतं. पुढचं लाकूड जागेवर असताना तो फिरवला की ते लाकूड मागून चिरतं. या रायफलींची बहुतेक मोडतोड अशीच होते. म्हणून आधी मागचं हँडगार्ड (नळीवरचं लाकडी झाकण) सरळ वर उचल (पिळलंस तर क्लिप तुटेल), मग बाहेरचा बँड (लाकडाभोवतीचं कडं), नोज कॅप (पुढच्या टोकाची धातूची टोपी), पुढचं हँडगार्ड, आतल्या बँडचा स्क्रू आणि शेवटी ट्रिगर गार्ड. आतल्या बँडच्या स्क्रूवर बारीक स्प्रिंग असते, नळीच्या टोकाखाली दुसरी स्प्रिंग आणि स्टड. दोन्ही डबीत ठेव. स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेत घट्ट बसणारं हवं. दस्ता हलत नसेल तर तो काढायची गरजच नाही.

पुढचं लाकूड कोचवूड (एक ऑस्ट्रेलियन लाकूड) असेल, तर त्याच्या मागच्या टोकाला आत तांब्याचे छोटे तुकडे दिसतील. ते लाकूड मऊ, धक्क्याने दबतं, म्हणून लिथगोने ते बसवले. ते सैल असतील तर सध्या फक्त फोटो काढ.

मळ टर्पेंटाइनच्या फडक्याने पूस. मग कच्चं जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समभाग घेऊन पातळ हात दे, वीस मिनिटांनी उरलेलं पुसून टाक आणि दिवसभर सुकू दे. पुढचे दोन-तीन हात नुसत्या तेलाचे. जाड थर दिलास तर चिकट राहील. व्हार्निश तर नकोच. आणि तेलाची फडकी गोळा करून टाकू नकोस. ती आपोआप तापून पेटतात. बाहेर पसरून वाळव.

जास्तीत जास्त गंज नळीवर, लाकडाला टेकणाऱ्या बाजूला मिळेल. हलकं तेल लावून रात्रभर ठेव, मग ०००० नंबरचं (सगळ्यात बारीक) स्टील वूल तेलासकटच हळू फिरव. लाल भुकटी निघाली की थांब. तपकिरी डाग राहिले तरी चालतील, त्यांच्यामागे लागलास तर काळा मुलामा निघेल.

जुन्या .३०३ काडतुसांच्या टोपीतले (बारूद पेटवणाऱ्या प्रायमरमधले) क्षार नळीत उरतात आणि हवेतला ओलावा ओढतात. तेलात ते विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून चेंबरकडून फनेलने उकळतं पाणी ओत, कोरड्या फलालीनच्या चिंध्या फिरव आणि मगच तेल लाव. रॉड नेहमी मागूनच घाल. पुल-थ्रूची (नळीतून चिंधी ओढायच्या दोरीची) दोरी नळीच्या तोंडाशी घासली की तिथला धातू झिजतो.

ठेवताना कॅनव्हास किंवा चामड्याची पिशवी नको. दोन्ही दमट होतात. तिजोरीत सिलिका जेल ठेव, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राहू दे. नळीचं तोंड खाली ठेव, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात उतरणार नाही. तोंडात बूच मारू नका. बोल्ट आणि काडतुसं वेगळ्या कुलुपात.

पुढचं लाकूड उतरलं की तांब्याच्या तुकड्यांचे आणि नळीखालच्या गंजाचे फोटो पाठव, आणि ते बघून मी कळवेपर्यंत स्टील वूल लावू नकोस.

रेचलला आशीर्वाद.

तुझा,
बाबा