जंगलाची तपासणी कीटकांकडूनही व्हावी

महोदय,

जंगल किती राखले, हे आपण उपग्रहाच्या चित्रातल्या हिरव्या रंगावरून ठरवतो. पण एकाच जातीच्या झाडांची लागवडही वरून तितकीच हिरवी दिसते. फरक कळतो तो खाली, कीटकांत. फुलपाखरांच्या अनेक अळ्या ठरावीक वनस्पतींवरच वाढतात. ती वनस्पती गेली की फुलपाखरूही जाते. शेणकिडे सस्तन प्राण्यांच्या विष्ठेवर जगतात. शिकारीने प्राणी संपले, तर झाडे उभी असूनही हे किडे घटतात. कुजत्या लाकडात वाढणाऱ्या भुंगेऱ्यांना पडलेले जुने ओंडके लागतात, आणि नेमके तेच आपण 'सफाई' म्हणून उचलतो! याचे मला फार वाईट वाटते.

नुसती संख्या मोजून मात्र भागणार नाही. झाडे तोडून ऊन आत आले, की मोकळ्या जागेतली फुलपाखरे उलट वाढतात. म्हणून कोणत्या जाती आहेत, हे पाहावे लागते. तेही दरवर्षी, त्याच ऋतूत, त्याच पद्धतीने, कारण कीटकांची संख्या हवामानानुसार बरीच बदलते. वनविभागांनी वृक्षगणनेसोबत अशी नोंद सुरू करावी आणि ती सर्वांसाठी खुली ठेवावी.

– एक निसर्गप्रेमी वाचक