इंजिनाचा करार झाला, पण जोडणार कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नौदलासाठी ६ मेगावॅटचं मरीन डिझेल इंजिन आता आपल्याकडेच बनणार, अशा बातम्या २ एप्रिल २०२५ ला करार झाल्यापासून अधूनमधून येतायत, वाचून बरं वाटतं. पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स प्रोटोटाइप, म्हणजे पहिलं नमुना इंजिन, बनवणार, खर्च २७० कोटी, त्यातले ७० टक्के केंद्र सरकार देणार, निम्म्याहून जास्त माल देशी आणि शिवाय ३ ते १० मेगावॅटच्या इंजिनांचं डिझाइनसुद्धा याच ऑर्डरमध्ये. सगळं छान आहे हो, पण प्रत्येक बातमीत नुसते कोटी आणि टक्के. हे इंजिन जोडतात कसं आणि जोडणारी माणसं कुठून आणणार यावर एक ओळ नाही. माझी सगळी नोकरी मोठी डिझेल इंजिनं जोडण्यात गेली, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी साइज लक्षात घ्या. ६ मेगावॅट म्हणजे साधारण ८ हजार हॉर्सपॉवर. रस्त्यावरच्या मोठ्या ट्रकचं इंजिन अडीचशे-तीनशेचं असतं आणि त्यालाही उतारावर, सिग्नलला आराम मिळतो. जहाजाच्या इंजिनाला तो नाही, प्रोपेलर पाण्यात सारखा ओढतच असतो. त्यातून प्रोपेलरचा हिशोब असा की स्पीड वाढला की पॉवर घनाने वाढते, म्हणजे दहा टक्के जादा फेऱ्यांसाठी तेहतीस टक्के जादा ताकद लागते, त्यामुळे टॉपच्या जवळ इंजिन अक्षरशः पिळून निघतं. युद्धनौकेत जागा कमी आणि वजनाची बोंब, म्हणून कमी लोखंडातून जास्त ताकद काढायची, वर जवळ काही फुटलं तर त्याचा धक्का सोसून चालत राहायचं.

गरज किती आहे ते बघा. माझगाव डॉकची निलगिरी ही युद्धनौका १५ जानेवारी २०२५ ला मुंबईत नौदलात आली, तिच्यावरची दोन डिझेल मॅन कंपनीची, ताकद याच ६ मेगावॅटच्या आसपास, आणि जोडीला अमेरिकन डिझाइनची गॅस टर्बाइन. त्याच दिवशी आलेल्या सुरत या युद्धनौकेवर युक्रेनच्या झोर्या-माशप्रोयेक्त कारखान्याची टर्बाइन. आता हा कारखाना ज्या मायकोलाइव्ह शहरात आहे तिथे २०२२ पासून काय चाललंय ते रोज टीव्हीवर दिसतं. दुसऱ्याच्या इंजिनावर जहाज चालवायचं म्हणजे त्याच्या घरची भांडणंही आपलीच. आपण अगदी शून्यातून निघालोय असंही नाही, नौदलाच्या कामोर्ता क्लासच्या जहाजांवर प्रत्येकी चार पील्स्टिक इंजिनं आहेत, फ्रेंच डिझाइन पण लायसन्सवर किर्लोस्करांनीच बनवलेली. रांचीला कोलकात्याच्या गार्डन रीच जहाज कारखान्याचा प्लांट आहे, तिथे एमटीयू या जर्मन कंपनीची इंजिनं जोडतात. म्हणजे जोडायचा हात आपल्याकडे आहे. तो टिकवायचा कसा याबद्दल मला बोलायचंय.

लोकांना वाटतं पार्ट आले, ड्रॉइंग आलं, बोल्ट आवळले, झालं इंजिन. तसं नसतं. साधं माप घ्यायचं म्हटलं तरी मापाचं स्टँडर्ड टेंपरेचर २० डिग्री. आता मे महिन्यात आपल्याकडे शॉपमध्ये ३५ डिग्री असेल आणि ३०० मिलिमीटरचा स्टीलचा जॉब तसाच मापला तर तो जवळपास ५० मायक्रॉन (मिलिमीटरचे ५० हजारावे भाग) मोठा भरणार, आणि आपला बोअरगेज, म्हणजे भोकाचा आतला व्यास मोजायचं गेज, दुसऱ्याच टेंपरेचरला सेट केलेला असेल तर मग विचारायलाच नको. म्हणून जॉब, गेज, गेज सेट करायची मास्टर रिंग सगळं आदल्या रात्री एकाच खोलीत आणून ठेवायचं. हे मॅन्युअलमध्ये असतं, पण नवीन पोरगा ते नुसतं वाचतो, करतो तेव्हाच जेव्हा एखादा उस्ताद त्याच्या हातातून गेज काढून घेतो.

मग क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा. बेअरिंगचे शेल (अर्धगोल पत्रे) बसवले, कॅप आवळल्या, शाफ्ट हाताला मस्त फिरतोय, तरी काम संपत नाही. दोन वेबच्या, म्हणजे क्रँकच्या हातांच्या, मधे डायल गेज लावायचा, टर्निंग गिअरने शाफ्ट हळूहळू फिरवायचा आणि वेब किती उघडतात-मिटतात ते बघायचं, याला डिफ्लेक्शन म्हणतात. खाली कनेक्टिंग रॉड मधे येतो म्हणून एका फेरीत पाच जागी रीडिंग घेतात. हेच रीडिंग इंजिन जहाजावर बसल्यावर पुन्हा, आणि जहाज पाण्यात उतरल्यावर पुन्हा, कारण गोदीत ठोकळ्यांवर बसलेलं जहाज आणि तरंगणारं जहाज यांचा आकार तंतोतंत सारखा नसतो, बेड किंचित वाकतो आणि क्रँकलाही वाकवतो. हे कुणी बघितलं नाही तर इंजिन चालू होतं, चालतंही, मग कधीतरी क्रँक तुटतो आणि सगळे डिझाइनवाल्याला शिव्या घालतात.

बोल्टचं तर लोकांना खरंच वाटत नाही. टॉर्क रेंचने आवळताना लावलेल्या जोरातला नव्वद टक्क्यांच्या आसपास नुसता घर्षणात जातो, बोल्ट ताणायला उरतो दहाएक टक्के, त्यात थ्रेडला तेल कमी-जास्त लागलं की हिशोब बदलला. म्हणून मोठ्या इंजिनात हायड्रॉलिक जॅकने स्टडच (बोल्टचा दांडा) ताणतात, ताणलेला असताना नट हाताने टॉमीने, म्हणजे छोट्या सळईने, टेकवायचा आणि मग प्रेशर सोडायचं. दिसायला सोपं आहे, पण नट टेकला की खाली कचऱ्यावर अडकला हे बोटांनाच कळतं. आणि कचरा हा तर इंजिनाचा पहिला शत्रू, लाइनमध्ये राहिलेला एक वेल्डिंगचा दाणा बेअरिंग खलास करायला पुरतो, म्हणून पहिल्या स्टार्टच्या आधी ल्यूब ऑइलच्या लाइनी तासन्‌तास तेल फिरवून फ्लश करतात. कॉटन वेस्ट (पुसायचा सुती धाग्यांचा गुंता) असेंब्लीत आणलं म्हणून आमच्या सुपरवायझरने एकाला सरळ गेटबाहेर काढलेलं मी बघितलंय, आणि बरोबरच केलं त्यांनी.

आता खरी तक्रार. ही कामं करणारी पिढी रिटायर झाली किंवा व्हायला आलीय. मी जिथे होतो तिथे आमच्या जागी नवीन माणूस कायम घेतला नाही, कॉन्ट्रॅक्टवर पोरं आली, शिकून जरा हात बसला की कॉन्ट्रॅक्ट संपलं, दुसरी आली. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा, फिटर दोन वर्षांचा, त्यात बिचाऱ्यांनी एवढं मोठं इंजिन उघडलेलं बघितलेलंही नसतं. अप्रेंटिसचा कायदा १९६१ पासून आहे, पण कितीतरी ठिकाणी अप्रेंटिस म्हणजे स्वस्त हेल्पर, झाडू मारायला आणि सामान आणायला. त्यापेक्षा आमच्या कोकणात हर्णैला-मिरकरवाड्याला ट्रॉलरवर काम करणारा मेकॅनिक बरा, खाऱ्या पाण्याने हीट एक्स्चेंजर कसा खाल्ला जातो आणि गंजापासून वाचवायला लावलेला झिंकचा तुकडा कधी बदलायचा हे तो रोज हाताने शिकतो, फक्त त्याला सर्टिफिकेट कोणी देत नाही.

दुसरं ते देशी मालाचं. टक्का किमतीवर काढतात, ठीक आहे, पण कुठला माल देशी ते कुणीच विचारत नाही. ब्लॉक, हेड, पाइपिंग आपण करू, त्याची मला काळजी नाही. अडतं ते फ्युएल इंजेक्शन पंप, टर्बोचार्जर, बेअरिंग शेल, क्रँकचं फोर्जिंग यात. उद्या निम्म्याहून जास्त टक्के भरले आणि हेच चार बाहेरून येत राहिले तर तिकडे कुणी नळ बंद केला की इथलं इंजिन उभंच. माझ्या मते टक्के राहू द्या, या चार गोष्टींची यादी लावा आणि दरवर्षी त्यातली कुठली सुटली ते सांगा.

२७० कोटींतले थोडे पैसे माणसांवर घाला एवढंच म्हणणं आहे. प्रोटोटाइप जोडणाऱ्या टीममध्ये पहिल्या दिवसापासून वीस-बावीस वर्षांची पोरं घ्या, पक्क्या नोकरीवर, आणि रिटायर झालेल्या आमच्यासारख्यांना त्यांच्या शेजारी उभं करा, आम्ही चहावर पण येऊ. आणि संपादकसाहेब, तुमच्यासाठीही एक काम आहे. प्रोटोटाइप टेस्ट बेडवर चढेल तेव्हा फीत कापल्याचा फोटो खुशाल छापा, पण बातमीदाराला एवढं विचारायला सांगा, फुल लोडवर सलग किती तास चालवलं, ओव्हरलोडला किती, आणि नंतर उघडल्यावर बेअरिंग कसे निघाले. तेवढे तीन आकडे छापलेत तरी आम्हा फिटर लोकांना सगळं कळेल.

आपला,
एक निवृत्त इंजिन फिटर,
चिंचवड